परमुलखातून आलेली गाणी: बऱ्हाणपूर आणि व्यापारी नभोवाणी

तापीच्या उत्तर काठावर, आशीरगडाच्या खिंडीवर नजर ठेवून वसलेले बऱ्हाणपूर हे शहर फारुकी सुलतानांच्या अमलापासून मोगलांच्या दक्षिण सुभ्याच्या काळापर्यंत माल विकणाऱ्यांचे शहर होते. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे सतराव्या शतकात या वाटेने गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे. अशा या शहराच्या वाट्याला विसाव्या शतकात जो एक अपूर्व व्यापार आला, तो मात्र सर्वस्वी उलट दिशेने वाहणारा होता. गाण्यांच्या दरम्यान दंतमंजन, साबण आणि डोकेदुखीच्या गोळ्या विकणारी व्यापारी नभोवाणी बऱ्हाणपुरात आली ती कधी समुद्रापलीकडून, कधी मुंबईहून, कधी सातपुड्याच्या पलीकडून. बऱ्हाणपूरने तिच्यासाठी कान दिले, वेळ दिला, पोस्टाची तिकिटे खर्च केली, परंतु तिच्या ध्वनिक्षेपकासमोर बसण्याचा मान या शहरास मिळाला नाही. व्यापारी नभोवाणीचा इतिहास सामान्यतः ध्वनिमुद्रणगृहांच्या बाजूने सांगितला जातो. ऐकणाऱ्या गावाच्या बाजूने तो पाहिला असता असे ध्यानात येते की कोणते गाणे कोठून वाजावे हे ठरविण्याचा अधिकार आळीपाळीने राज्यकर्ते, दुकानदार आणि डोंगर या तिघांनी चालविला, आणि श्रोत्याची आवड विचारण्याची तसदी या तिघांपैकी सर्वप्रथम दुकानदाराने घेतली.

भारतातील नभोवाणीचा पहिला संघटित प्रयोग झाला तोच मुळी खासगी कंपनीच्या रूपाने. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले आणि त्यानंतर सुमारे महिनाभराने कलकत्त्याचे; पण अवघ्या दीड किलोवॉट शक्तीच्या त्या प्रक्षेपकांचा आवाज शहराबाहेर फार दूर धडपणे पोहोचत नसे, संच महाग असत, परवाने थोडे निघत, आणि कंपनीची भिस्त बव्हंशी त्या परवाना शुल्कावरच असल्यामुळे तीन वर्षे पुरी होण्याआधीच, मार्च १९३० मध्ये, तिचे दिवाळे वाजले. १ एप्रिल १९३० पासून सरकारने ही केंद्रे आपल्या ताब्यात घेतली. १९३६ मध्ये त्या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. आणि तेव्हापासून नभोवाणी म्हणजे सरकारी कचेरीचाच एक विभाग, तेथे जाहिरातीला मज्जाव, अशी जी वहिवाट पडली ती पुढे एकतीस वर्षे टिकली.

बऱ्हाणपूर त्या काळी मध्यप्रांतातील निमाड जिल्ह्याची एक तहसील होते. जिल्ह्याची कचेरी सुमारे ७० किलोमीटरांवरील खांडव्यास, प्रांताची राजधानी दूर नागपुरास, रेल्वेचा व्यवहार भुसावळशी आणि सोयरीक रावेर, यावल, जळगावाशी, अशी या शहराची ओढाताण पूर्वापार चालत आलेली. स्वातंत्र्यानंतर १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि २२ मे १९५५ रोजी इंदूर केंद्र; परंतु इंदूर तेव्हा मध्यभारत नावाच्या वेगळ्या राज्यात मोडत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले, इंदूर नव्या मध्यप्रदेशात आले, आणि बऱ्हाणपूर जागचे न हलताही त्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. ही प्रशासकीय उलथापालथ नभोवाणीच्या इतिहासात अप्रस्तुत नाही, कारण प्रादेशिक केंद्रांची भाषा राज्याच्या हद्दीप्रमाणे ठरत असे: इंदूर केंद्रावरील ‘खेती गृहस्थी’ या कार्यक्रमात नंदाजी आणि भेराजी ही पात्रे माळवी बोलीत शेतीच्या गोष्टी सांगत, आणि त्या निमाडी शेतकऱ्यास जवळच्या वाटत, बऱ्हाणपूरच्या मराठी घरांनी मात्र आपल्या भाषेतील गाण्यांसाठी सरहद्दीपलीकडेच पाहावे, अशी व्यवस्था आपोआप होऊन गेली.

आता ज्या गृहस्थांमुळे कोट्यवधी भारतीयांनी रेडिओची सुई सिंहलद्वीपाकडे वळविली, त्यांच्याकडे वळावे लागेल. आणि ते गृहस्थ मराठी होते हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्रातील माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेल्या, व्युत्पन्न आणि आग्रही अशा या मंत्र्यांचे स्पष्ट मत होते की पाश्चात्त्य वळणाच्या वाद्यवृंदाने आणि हलक्या शब्दांनी चित्रपटगीते देशाची अभिरुची नासवीत आहेत, आणि सरकारी नभोवाणीने या अभिरुचीस वळण लावले पाहिजे. त्यांनी चित्रपटगीतांचा वेळ तोडला, गाण्यांची छाननी सुरू केली, आणि गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे त्या चित्रपटाची फुकट जाहिरात होय, म्हणून फक्त गायकाचे नाव सांगण्याचा दंडक घातला. निर्मात्यांना ही गोष्ट झोंबली. त्यांनी आपल्या गाण्यांच्या प्रक्षेपणाचे हक्कच काढून घेतले. आणि १९५२ च्या अखेरीस देशातील सर्वांत लोकप्रिय संगीत देशाच्या नभोवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

केसकरांची थट्टा करणे हा पुढील पिढ्यांचा आवडता उद्योग झाला, परंतु तो सर्वथा न्याय्य नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये आणि आकाशवाणी संगीत संमेलन १९५४ मध्ये सुरू झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. संस्थाने खालसा झाल्यावर निराधार झालेल्या कित्येक गवयांना सरकारी केंद्रांनी पोटापाण्याचा आधार दिला. आणि पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ प्रक्षेपित केले, तेही याच काळात. कोणत्याही व्यापाऱ्याने वर्षभर चालणाऱ्या अशा अनुष्ठानावर पैसे लावले असते असे मला वाटत नाही. तथापि एका विशिष्ट संगीतावर प्रेम असल्यामुळे दुसऱ्याचे तोंड बंद करणारा सत्ताधीश बऱ्हाणपूरच्या इतिहासास अपरिचित नव्हता. शहराच्या समोर, तापीच्या पैलतीरी, जैनाबादेच्या बागेत दख्खनच्या सुभेदारीवर असलेला शाहजादा औरंगजेब हिराबाई नावाच्या गायिकेवर मोहित झाल्याची कथा मोगल ग्रंथकारांनी सांगितली आहे. तोच औरंगजेब पुढे तख्तावर बसल्यावर आपल्या दरबारातील गायन बंद करता झाला. दरबार बंद झाला म्हणून गाणे संपले नाही, ते उमरावांच्या हवेल्यांत गेले. १९५२ मध्ये ते कोलंबोस गेले.

कोलंबोस का, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. आग्नेय आशियातील दोस्त सैन्याच्या कमांडचे मुख्यालय सिलोनमध्ये असताना तेथील सैनिकांसाठी एक अत्यंत शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारण्यात आला होता. युद्ध संपले, सैन्य गेले, आणि हे बलाढ्य यंत्र सिलोनच्या नभोवाणीच्या, म्हणजे रेडिओ सिलोनच्या, हाती आले. मध्यमलहरी दिवसा मुख्यतः जमिनीला धरून चालतात, म्हणून त्यांची मजल मर्यादित. लघुलहरी मात्र वर जाऊन वातावरणाच्या अतिउच्च थरांतील विद्युद्भारित पट्ट्यावर आदळतात आणि शेकडो-हजारो किलोमीटरांवर पुन्हा पृथ्वीवर उतरतात, त्यामुळे तापीच्या खोऱ्यातल्या संचास शेजारच्या जिल्ह्यातील केंद्रापेक्षा भारताच्या दक्षिण टोकापलीकडील केंद्र अधिक स्वच्छ ऐकू यावे, असा चमत्कार रोज घडे. सातपुडा, अजिंठ्याचे डोंगर, आशीरगड यांपैकी कोणाचाही अडसर आकाशातून खाली येणाऱ्या लहरीस होत नसे. ऋतू आणि वेळ यांप्रमाणे त्या थराची स्थिती पालटते, म्हणून आवाज लाटेसारखा चढे-उतरे, मध्येच शीळ घुसे, आणि २५, ३१ अथवा ४१ मीटरच्या पट्ट्यावर सुई केसभर सरकवीत बसणारा घरातील जाणता मनुष्य त्या वेळेपुरता कुटुंबप्रमुखाच्या पदास चढे.

रेडिओ सिलोनच्या व्यापारी विभागाची धुरा कोलंबो योजनेखाली आलेल्या क्लिफर्ड डॉड या ऑस्ट्रेलियन गृहस्थांकडे होती. भारताच्या बाजारपेठेत माल खपविणाऱ्या कंपन्यांना भारताच्या नभोवाणीवर जाहिरात करता येत नाही, आणि भारताच्या श्रोत्यास भारताच्या नभोवाणीवर आपली गाणी ऐकता येत नाहीत, या दोन मज्जावांची सांगड घातली की एक उत्तम धंदा उभा राहतो, हे त्यांनी ओळखले. मुंबईत रेडिओ ॲडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस ही संस्था कार्यक्रम तयार करी, त्यांच्या ध्वनिफिती विमानाने कोलंबोस जात, आणि तेथून तेच मुंबईचे बोल लघुलहरींवर स्वार होऊन पुन्हा भारतभर पसरत. सरकारच्या दृष्टीने ही एक प्रकारची चोरटी आयातच होती. मात्र तिच्यावर जकात बसविण्यासाठी आकाशात नाके उभारता येत नव्हते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्याच्या केंद्राकडेही कित्येकांची सुई वळे, परंतु सिलोनच्या तुलनेने त्याचा पसारा लहान.

३ डिसेंबर १९५२ रोजी सिबा कंपनीच्या बिनाका या दंतमंजनाच्या पुरस्काराने ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक हवा होता स्वस्तातला, कारण काम फार आणि मोबदला आठवड्याला २५ रुपये. अनुभवी मंडळींनी नकार दिल्यावर ते काम निवेदक हमीद सयानी यांचे धाकटे बंधू अमीन यांच्या गळ्यात पडले. सुरुवातीस स्वरूप अगदी साधे होते: अर्ध्या तासात सात गाणी वाजवावयाची, श्रोत्यांनी ती योग्य क्रमाने लावून पाठवावयाची, आणि बरोबर उत्तराला शंभर रुपयांचे बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमास ९,००० पत्रे आली, आणि वर्षभरात आठवड्याच्या पत्रांची संख्या ६५,००० वर गेली, असे सयानी पुढे मुलाखतींतून सांगत. एवढी पत्रे तपासणे अशक्य होऊन बसल्यावर १९५४ च्या सुमारास कार्यक्रमाचा साचाच बदलला आणि लोकप्रियतेप्रमाणे गाण्यांची चढती श्रेणी लावण्याची प्रथा पडली. बुधवारी रात्री आठ ते नऊ या तासात कोणते गाणे कोणत्या ‘पायदान’वर चढले, यावर पैजा लागू लागल्या.

या श्रेणीचा हिशेब कसा लावीत, हे विशेष पाहण्याजोगे आहे, कारण भारतातील सामान्य श्रोत्याची आवड पद्धतशीरपणे मोजण्याचा हा बहुधा पहिलाच मोठा प्रयत्न होता. ध्वनिमुद्रिकांच्या दुकानदारांकडून विक्रीचे आकडे मागवीत. परंतु तबकडी विकत घेण्याची ऐपत ज्यांची नाही, त्यांचे मत कसे कळावे? त्यासाठी गावोगावच्या श्रोतृसंघांकडून पसंतीच्या याद्या मागविल्या जात. हे श्रोतृसंघ म्हणजे रेडिओच्या जगातील एक विलक्षण संस्था. चार मित्रांनी एखाद्या चहाच्या दुकानात वा शिंप्याच्या ओट्यावर संघ स्थापावा, त्याला भारदस्त नाव द्यावे, रबरी शिक्का करून घ्यावा, आणि दर आठवड्याला सभासदांच्या सह्यांची पत्रे रवाना करावीत. बिहारमधील, आता झारखंडात गेलेले झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव या पत्रलेखनामुळे अखिल भारतात गाजले. मोठ्या शहरांपेक्षा मध्यम व लहान गावांतच या उद्योगाला ऊत आला, आणि त्याचे कारण उघड आहे: मुंबईकरास आपले नाव ऐकण्यासाठी नभोवाणीची गरज नव्हती, परंतु जेथून वर्तमानपत्रात नाव छापून येण्यासाठी एक तर पूर यावा लागे नाही तर दंगा व्हावा लागे, तेथील तरुणास आपले व आपल्या गावाचे नाव समुद्रापलीकडून उच्चारले जाणे ही केवढी प्रतिष्ठा! फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचण्यात अर्धा वेळ जातो अशी तक्रार संगीताचे दर्दी करीत. माझ्या मते ती नावेच त्या कार्यक्रमाचा प्राण होती. गाणे तर चित्रपटगृहातही ऐकावयास मिळे.

सरकारला हे उमगण्यास पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. तिचे नामकरण आणि आरंभीची जडणघडण पंडित नरेंद्र शर्मा या कवीने केली, ज्यांची चित्रपटसृष्टीशीही जवळीक होती. केसकर तेव्हा मंत्रिपदावरच होते, आणि हे त्यांच्याच खात्याने उचललेले पाऊल होते, हे नमूद केले पाहिजे. सैनिकांसाठी ‘जयमाला’, नाटिकांसाठी ‘हवामहल’, विस्मृतीत चाललेल्या गीतांसाठी ‘भूले बिसरे गीत’ असे नीटस कप्पे करून चित्रपटसंगीतास सरकारी मान्यता मिळाली. भाषा मात्र सोज्ज्वळ, सूर शांत, आणि जाहिरात औषधालाही नाही. त्यामुळे सिलोनचा श्रोता विभागला गेला, तुटला नाही. सकाळी जुन्या चित्रपटांच्या गीतांचा सिलोनवरील कार्यक्रम आठाला काही मिनिटे कमी असताना सैगलच्या गाण्याने संपे आणि त्यावर घड्याळे लावली जात, ही प्रथा विविध भारती आल्यानंतरही कैक वर्षे चालू राहिली.

खरा पालट झाला दहा वर्षांनी. १९६४ मध्ये नेमलेल्या अशोक चंदा समितीने १९६६ च्या आपल्या अहवालात जाहिरातींना परवानगी द्यावी अशी शिफारस केली, आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, नागपूर व पुणे या तीन केंद्रांवर विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली. ही तिन्ही शहरे महाराष्ट्रातील असावीत हा निव्वळ योगायोग नव्हे. मुंबई ही जाहिरात संस्थांची पेठ आणि नागपूर-पुणे ही त्या पेठेच्या पोहोचेतील प्रक्षेपण केंद्रे, असा तो हिशेब होता. बऱ्हाणपूर अकरा वर्षांपूर्वीच नागपूरच्या राज्यातून बाहेर पडले होते, आणि नागपूरच्या मध्यमलहरी सातपुड्याच्या कडेकडेने इतक्या पश्चिमेस येईतो क्षीण होत. म्हणजे भारताच्या भूमीवरील पहिली व्यापारी नभोवाणी भाषेने जवळची, नकाशावर फार दूर नसलेली, आणि तरीही दिवसाउजेडी हाती न लागणारी, अशी बऱ्हाणपूरकरांची अवस्था झाली. रात्री अंतर कमी होई, कारण सूर्यास्तानंतर मध्यमलहरीही आकाशातून परततात. पण तेव्हा त्यांच्या जोडीने शेजारच्या वारंवारतेवरील आणखी चार केंद्रे परतत आणि सर्वांची एकच गर्दी होई.

जाहिरातीने गाण्यांच्या जगात काय आणले, हे त्या पिढीतील कोणासही विचारावे. पंधरा-वीस सेकंदांत चाल, यमक आणि मालाचे नाव बसविण्याची एक स्वतंत्र कला निर्माण झाली. निरमा या धुण्याच्या पावडरीने १९७५ मध्ये आपले गीत प्रथम रेडिओवरूनच ऐकविले, आणि अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाच्याही तोंडी ते बसले. मालाचे नाव गाऊन दाखविता येते, हे एकदा कळल्यावर गावोगावच्या किराणा दुकानांत गिऱ्हाईक ‘साबण द्या’ न म्हणता विशिष्ट साबण मागू लागले. व्यापारी नभोवाणीचे अर्थशास्त्र इतकेच आहे. तिचा श्रोता तिला पैसे देत नाही; श्रोत्याचे लक्ष गोळा करून ती ते दुकानदारास विकते; आणि म्हणून जेथे लक्ष पुष्कळ व खिसा बरा, तेथेच ती दुकान मांडते.

याच सुमारास राज्यसत्तेने एकदा आपला जुना हक्क बजावून दाखविला, आणि तोही बऱ्हाणपूरच्या जिल्ह्याच्या घरात शिरून. खांडव्यात ४ ऑगस्ट १९२९ रोजी जन्मलेले गायक किशोरकुमार हे १९७६ मध्ये लोकप्रियतेच्या शिखरावर होते. आणीबाणी चालू होती. माहिती व नभोवाणी मंत्री होते विद्याचरण शुक्ल, म्हणजे तेही तत्कालीन मध्यप्रदेशचेच. सरकारच्या वीसकलमी कार्यक्रमाच्या प्रचारात सहकार्य करण्यास किशोरकुमारांनी नकार दिला, तेव्हा ४ मे १९७६ पासून त्यांची गाणी आकाशवाणी, विविध भारती आणि दूरदर्शनवर बंद करण्यात आली. पुढे आणीबाणीतील गैरप्रकारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या शहा आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि खात्याचे दप्तर उजेडात आले. गंमत अशी की हा हुकूम कोलंबोस लागू नव्हता. केसकरांनी एका अभिरुचीसाठी केले ते शुक्लांनी एका हट्टासाठी केले. पहिल्याविषयी वाद घालता येतो, दुसऱ्याविषयी घालण्याचे कारण नाही.

त्याच १९७६ मध्ये तापीच्या खोऱ्यातच, बऱ्हाणपूरच्या पश्चिमेस, आकाशवाणीचे जळगाव केंद्र सुरू झाले. मध्ये डोंगर नाही, नदी एक, केळीचे बाग एक. त्यामुळे बऱ्हाणपूरच्या मराठी घरांना प्रथमच शेजारचे म्हणावे असे मराठी केंद्र लाभले. ते सरकारी, म्हणून या लेखाच्या विषयाच्या काठावरचे; पण अहिराणी गीते आणि खानदेशी बोलणे राज्याच्या सरहद्दीची पर्वा न करता रावेरच्या पुढे येऊ लागले, ही गोष्ट त्या काळच्या कोणत्याही भाषिक ठरावापेक्षा मोठी होती असे मी म्हणेन.

१९९० नंतरचा इतिहास वेगाने घडला आणि तो वेगानेच सांगितलेला बरा. १९९३ मध्ये सरकारने मुंबई, दिल्ली आदी ठिकाणी आपल्या एफएम प्रक्षेपकांवरील वेळ खासगी कंपन्यांना विकण्यास प्रारंभ केला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निर्णय दिला. आणि पुढे ४० शहरांतील १०८ वारंवारतांचा लिलाव झाला. जुन्या काळी जसा अबकारीचा अथवा जकातीचा मक्ता दिला जाई, तसाच हा मक्ता: बोली मोठी, आणि वार्षिक शुल्क दरवर्षी पंधरा टक्क्यांनी चढणारे. पुष्कळ बोलीदार हिशेब मांडल्यावर पळाले, आणि केवळ बारा शहरांत केंद्रे सुरू झाली. त्या बारांत इंदूर होते. ‘रेडिओ मिरची’ हे नाव आज मुंबई-दिल्लीशी जोडले जाते, परंतु त्या नावाचे पहिले केंद्र ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू झाले ते इंदूर शहरात. २००५ मध्ये चढत्या शुल्काऐवजी एकूण मिळकतीच्या चार टक्क्यांची पद्धत आली आणि त्यानंतरच मध्यम शहरांना तोंड फुटले. जळगावात रेडिओ सिटी व पुढे माय एफएम यांची केंद्रे निघाली.

मग बऱ्हाणपूरने इंदूर किंवा जळगाव का ऐकू नये? कारण एफएमच्या लहरी लघुलहरींच्या नेमक्या उलट स्वभावाच्या आहेत. आवाज काचेसारखा स्वच्छ, परंतु गती जवळजवळ सरळ रेषेत; प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून जेथवर दृष्टी पोहोचेल, तेथून थोडे पुढेपर्यंतच त्यांचे राज्य. इंदूर आणि बऱ्हाणपूर यांच्यामध्ये नर्मदेचे खोरे आणि सबंध सातपुडा. जळगाव सपाटीवर, पण लहान शहराच्या मानाने ठरलेल्या शक्तीचा प्रक्षेपक खोऱ्याच्या या टोकापर्यंत पुरत नाही. जी लहर आकाशातून येत होती तिला आशीरगड अडवू शकला नव्हता. जमिनीवरून येणारीला तो अकबराच्या फौजेइतकाच अडवतो, आणि अकबरास तो घेण्यास १६०१ चा जानेवारी उजाडला होता. मोबाइलवर सर्व गाणी मिळतात हे खरे. परंतु तेथे कोणी आपले व आपल्या गावाचे नाव वाचून दाखवीत नाही, आणि दुकानदाराच्या जाहिरातीत शनवारा किंवा लालबाग या शहरातील भागांचा पत्ता येत नाही.

बऱ्हाणपूर १५ ऑगस्ट २००३ रोजी स्वतंत्र जिल्हा झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती दोन लाख दहा हजारांच्या वर होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी ज्या २३४ नव्या शहरांतील ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली, त्या यादीत बऱ्हाणपूरचे नाव तीन वाहिन्यांसह आहे, आणि खांडवा व खरगोन यांचेही. सर्व वाहिन्यांची मिळून किमान बोली ७८४.८७ कोटी रुपये ठरविली आहे, म्हणजे सरासरीने एका वाहिनीस एक कोटी साडेसात लाख. लहान शहरास अर्थातच त्याहून कमी पडेल, परंतु प्रक्षेपक, जागा, वीज आणि माणसे यांचा खर्च शहराचा आकार पाहून कमी होत नाही. एवढी रक्कम यंत्रमागाचे कारखानदार, केळीचे आडतदार, सराफ, शिकवणी वर्ग, दराबा आणि मावा जिलेबी विकणारे हलवाई यांच्या जाहिरातींतून उभी राहील का, हा प्रश्न भावनेचा नाही. मला वाटते, एका वाहिनीपुरते उत्तर होकारार्थी आहे. तीन वाहिन्यांसाठी नाही.

त्याहून अवघड प्रश्न भाषेचा आहे. या शहरात बाजार हिंदी-उर्दूत चालतो, आठवडी हाटात निमाडी कानी पडते, वस्त्यांत मराठी व खानदेशी बोलणे आहे, आणि दर्गाह-ए-हकीमीस येणाऱ्या बोहरा यात्रेकरूंची गुजराती वळणाची बोली आहे. खासगी वाहिनीस स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकविता येतात. परंतु हवामान, वाहतूक, परीक्षांच्या आणि पाणीपुरवठ्याच्या सूचना देण्यास मुभा आहे, आणि तापीला पूर आला असता ही मुभा पुरेशी ठरावी. धोका वेगळा आहे. एकाच कंपनीची अनेक केंद्रे असली की इंदूरच्या खोलीत तयार झालेला कार्यक्रम दहा लहान शहरांत एकाच वेळी वाजविणे स्वस्त पडते, आणि नियम त्यास बऱ्याच अंशी मोकळीक देतात. तसे झाल्यास मनोरा लालबागेत उभा राहील आणि बोलणारा इंदूरच्या विजयनगर चौकातील असेल. म्हणून परवाना घेणाऱ्याकडून दिवसाचे निदान काही तास स्थानिक निवेदकाने स्थानिक बोलीत भरावेत अशी हमी घ्यावी, असे माझे मत आहे. लिलावाची बोली थोडी उतरली तरी चालेल.

खांडव्यालाही तीन वाहिन्या मिळावयाच्या आहेत, आणि किशोरकुमारांवर पहिला हक्क कोणाचा यावरून दोन्ही शहरांत जुंपणार हे उघड आहे; त्यांचे अंत्यसंस्कार १९८७ मध्ये खांडव्यातच झाले, म्हणजे कागदोपत्री बाजू त्यांची भक्कम. परंतु मध्ये सातपुडा आणि आशीरगड असल्यामुळे एका शहराची वाहिनी दुसऱ्या शहरात सहसा ऐकू जाणार नाही, तेव्हा दोघांनीही रोज सकाळी त्यांचीच गाणी लावली तरी तंटा होण्याचे कारण नाही.